पात्यावरचं नाव

नोव्हेंबरची आठ तारीख आली की मिकी गावातले लोहार भट्ट्या विझवतात, ऐरण पुसतात आणि भात्याला एक दिवस विश्रांती देतात. तोकिए नवी नवरी होऊन कुरामोतोंच्या घरात आली त्या काळी या दिवशी गल्ली इतकी गप्प व्हायची की खालून वाहणाऱ्या मिनो नदीचं पाणी ऐकू यायचं. तिला ते फार आवडायचं. वर्षभर पहाटेपासून घणांचा ठणठणाट, आणि एक दिवस नुसतं पाणी. संध्याकाळी सासरे कुमाझो छपरावर चढून संत्री उधळायचे. गल्लीतली पोरं ती ओच्यात झेलायची, आणि एखादं संत्रं हटकून शेजारच्या करवतवाल्याच्या टकलावर पडायचं. पडायचं म्हणजे काय, कुमाझो नेम धरूनच टाकायचे.

आता गल्लीत तीनच भट्ट्या उरल्या होत्या. विजेचे रंधे आले, सुतारांनी हातरंधे माळ्यावर टाकले, लोहारांची पोरं कोबेच्या कारखान्यांत गेली. नदी आता रोजच ऐकू यायची.

तरी सण तो सण. तोकिएने सकाळीच पेटीभात्याला पेंढ्याचा नवा दोर बांधला, त्यावर संत्री आणि साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली ठेवली, हात जोडले आणि स्वयंपाकघरात आली. लाल चवळीचा भात वाफेवर होता. थोरली सून सानाए ताटं मांडत होती.

"आई, एक ताट जास्त झालंय," सानाए म्हणाली.

"असू दे."

"आपण चौघं आणि ते सुतार, तोकुमारु-सान. दरवर्षी तेवढेच असतो."

"या वर्षी रियोसाकु येतोय."

सानाएने हातातला वाडगा खाली ठेवला. "भाऊजी? बाबांना सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ते सकाळपासून आजारी पडले असते. आणि भात कुणी खाल्ला असता?"

सानाए हसली नाही. "आई, ते आले की बोलणार. त्यांच्या तोंडाला दार नाही."

"म्हणूनच बोलावलंय," तोकिए म्हणाली. पण हे ती झाकण उचलता उचलता इतक्या हळू म्हणाली की सानाएला ते वाफेतच विरल्यासारखं वाटलं.

धाकटा रियोसाकु घर सोडून गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या वर्षी क्योतोहून रंध्याचं एक पातं परत आलं. हात्सुशिमोचं पातं परत येणं ही न ऐकलेली गोष्ट होती. हात्सुशिमो म्हणजे वर्षातलं पहिलं हिंव. कुमाझोंनी घेतलेलं आणि त्यांचा मुलगा देंजी, म्हणजे तोकिएचा नवरा, याने गाजवलेलं नाव. देवळं बांधणारे सुतार ते पातं रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवायचे. रियोसाकुने परत आलेलं पातं उलटसुलट पाहिलं आणि दोन गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना म्हणाला, "बाबा, पाणी चुकलंय. तुम्हाला आताशा रंग दिसत नाही."

तापून लाल झालेलं पोलाद पाण्यात बुडवायचं, म्हणजे त्याला पाणी द्यायचं. किती लाल, हे फक्त डोळ्याला कळतं. लोहाराला डोळ्यांवरून बोलणं म्हणजे त्याच्या मुळावरच येणं. देंजी एवढंच म्हणाले, "ज्याला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं त्याने आपली भट्टी शोधावी." रियोसाकुने ती शोधली, नदीपलीकडे. स्वतःच्या नावाने पाती विकू लागला. परदेशातून लोक त्याच्या दारात येऊ लागले, मासिकांत त्याचे फोटो छापून आले.

थोरल्या यासुताकाने त्या दिवशी तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याने एक काम सुरू केलं. देंजी रोज सकाळी हाचिमानच्या देवळाच्या पायऱ्या चढून जात आणि येताना न्हाव्याच्या दुकानात गप्पा मारत बसत. तेवढ्या वेळात यासुताका वडिलांनी आदल्या दिवशी पाणी दिलेलं पातं कानशीने तपासायचा. ते बिघडलेलं असलं, आणि बहुधा असायचंच, तर स्वतः पाणी दिलेलं दुसरं पातं त्या जागी ठेवायचा. भाता सानाए ओढायची. देंजी परत येऊन त्या पात्यावर छिन्नीने 'हात्सुशिमो' कोरायचे. अक्षरं हाताला पाठ होती, तिथे डोळ्यांची गरज पडत नसे. तोकिए स्वयंपाकघरातून सगळं पाहायची आणि बोलायची नाही.

* * *

रियोसाकु दारात आला तेव्हा त्याच्या पाठीमागे ऊन होतं. ओसरीवर बसलेले वडील त्याच्याकडे पाहून चटकन उठले आणि कमरेत वाकले.

"या, तोकुमारु-सान, या. यंदा लवकर आलात."

रियोसाकुला वाटलं होतं की ते ओरडतील, किंवा पाठ फिरवतील. येताना पुलावर त्याने दोन्हींची तयारी केली होती. ते आपल्याला ओळखणारच नाहीत, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी आहे, बाबा."

देंजी वाकलेले तसेच थांबले, मग सावकाश सरळ झाले. "आवाज जाड झालाय. मासिकात फोटो आला की होत असेल."

"आईने बोलावलं."

"मग आईला भेट. ती आत आहे." आणि ते पुन्हा बसले. पण रियोसाकु जोडे काढत असताना म्हणाले, "भात झालाय म्हणे. जेवूनच जा."

रियोसाकुने घरात पाऊल टाकलं आणि त्याला पाइनच्या कोळशाचा वास आला. नदीपलीकडे त्याचीही भट्टी पाइनवरच चालायची, कोळसा एकाच माणसाकडून यायचा, तरी तिथे हा वास नव्हता. या वासात आजोबांचा तंबाखू होता, पावसात वाळत टाकलेले कपडे होते. त्याला उगाच वाटलं, आत गेलो की आजोबा म्हणतील, घण धर.

आतून यासुताका आला. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. यासुताकाचे केस पांढरे झाले होते.

"जाड झालास," यासुताका म्हणाला.

"तू म्हातारा झालास, दादा."

"बस. मासा ताजा आहे, आकाशी बंदरावरून आणलाय."

तोकुमारु आले ते नेहमीसारखे, अंगरख्याच्या खिशात एक पुडी घेऊन. देवळांची कामं करणारे हे उंच, मितभाषी सुतार दर सणाला हात्सुशिमोच्या पात्याने काढलेला सायप्रस लाकडाचा एक पापुद्रा आणत आणि भात्यासमोर ठेवत. या वर्षीचा पापुद्रा सानाएने तळहातावर घेतला तेव्हा त्यातून तिच्या हातावरच्या रेषा दिसत होत्या.

जेवणं रंगात आली. तोकुमारुंनी दोन पेले साके घेतल्यावर सोबत आणलेलं पातं फडक्यातून काढून चटईवर ठेवलं.

"ओयाकाता," ते देंजींना म्हणाले. सगळे सुतार त्यांना तशीच, उस्ताद म्हणून, हाक मारत. "एक सांगू? रागावू नका. तुमची तरुणपणीची पाती तापट होती. सकाळी अशी कापायची की लाकूड घाबरायचं, पण दुपार झाली की धारेसाठी दगडावर न्यावी लागायची. गेल्या काही वर्षांतली वेगळी आहेत. संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. आमच्याकडची पोरं म्हणतात, ओयाकाता आता कुठे शांत झाले."

देंजी खूष होऊन मांडीवर हात मारत हसले. "ऐकलंस, रियोसाकु? डोळे गेलेल्या म्हाताऱ्याची पाती."

रियोसाकुने पातं उचललं. पाठीकडची खोलगट बाजू उजेडात धरली. त्या खोलगट भागाची कड एका अंगाला किंचित कलली होती. दादा डावखुरा होता. शाळेत मारून मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, पण घासताना त्याचा हात अजून तिकडेच ओढायचा. रियोसाकुने मान वर केली. आई भात वाढत होती. वहिनी भिंतीकडे पाहत होती. दादा मान खाली घालून बसला होता.

 तोकुमारुंनी पेला खाली ठेवला. "डोंगरावरच्या देवळाचा छपरासकट मोठा दरवाजा उतरवायचं काम आमच्याकडे आलंय. सगळा खोलून पुन्हा उभा करायचा. माझ्या हयातीत पुरा होईल की नाही, कोण जाणे. पाती एकाच घरची हवीत. म्हणून विचारतो, ओयाकाता, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यानंतर हात्सुशिमो कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही," देंजी म्हणाले. "नाव माझ्याबरोबर जाईल. तुमच्या दरवाज्याची पाती मी घडवीन, जमतील तेवढी."

"यासुताका-सान आहेत की."

"त्याचा हात चांगला आहे. पण नाव कोरायला छाती लागते. ती याला देवाने दिली नाही. दुसऱ्याला दिली, ती जरा जास्तच दिली. मी काय करू?"

ते हसत हसत म्हणाले, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसं. सानाएच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या.

"बाबा, ही पाती..." रियोसाकुने सुरुवात केली.

"रियोसाकु," यासुताका उठला. "साके संपली. मागच्या अंगणातून आणू, चल."

* * *

यासुताका मागच्या अंगणात कोळशाच्या पोत्यांपाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "आज नको. सण आहे."

"किती वर्षं चाललंय हे?"

"हळू बोल."

"हळू का? त्यांना दिसत नाही, ऐकू येतं."

"तू गेलास तेव्हापासून."

रियोसाकु पोत्यावर बसला. "मी पलीकडे बसून तुझी कीव करायचो, दादा. म्हणायचो, भित्रा आहे बिचारा, बाबांच्या सावलीत वाळून गेला. आज ते पातं हातात घेतलं आणि कळलं. असं पातं मला जमत नाही. दहा जन्मांत जमणार नाही. आणि तू त्यावर दुसऱ्याचं नाव कोरू देतोस."

"दुसऱ्याचं कुठे? बाबांचं."

"तू माझ्यापेक्षा गर्विष्ठ आहेस."

यासुताकाला हसू आलं. "मी? मी एका खिळ्यावर माझं नाव घातलं नाही."

"तेच म्हणतोय. माझं पातं बिघडलं तर माझं नाक कापलं जातं. तुझं बिघडलं तर बाबांचं. आणि चांगलं निघालं तर जगात कुणाला ठाऊक नाही, फक्त तुला ठाऊक. तो गोड घास तू एकटा खात बसलायस."

"बाबांसाठी करतो मी. त्यांना कळलं असतं तर ते जगले नसते."

"भाऊजी बरोबर बोलतायत."

सानाए दारात उभी होती. हातात रिकामी बाटली होती. "तोकुमारु-सान स्तुती करत होते तेव्हा मी तुमच्याकडे पाहत होते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही मान खाली घातली होती आणि हसत होतात. मी इतकी वर्षं भाता ओढला, हात भाजून घेतले, ते बाबांचं मन राहावं म्हणून. तुमचं ते हसू जपण्यासाठी नाही. आज त्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला छाती नाही म्हटलं, आणि तुम्ही साके आणायला उठलात. मला राग कुणाचा आला, सांगू?"

यासुताकाने स्वतःला विचारलं. तो खरंच हसला होता का? हसला होता. दर सणाला हसत होता. तोकुमारुंची पुडी उघडली जायची तेव्हा त्याच्या पोटात जी ऊब पसरायची ती वडिलांसाठी नव्हती. ती चोरून खाल्लेल्या साखरेसारखी होती. आपण नम्र आहोत, असं तो इतकी वर्षं समजत आला होता.

"आठवतं?" रियोसाकु वेगळ्याच आवाजात म्हणाला. "आपण दोघं समोरासमोर घण मारायचो. तुझा, माझा, तुझा, माझा. मध्ये बाबांची छोटी हातोडी ऐरणीवर टिचकी मारायची. आजोबा बाहेरून जाणाऱ्यांना सांगायचे, थांबा, ऐका, हा एकच माणूस मारतोय असं वाटतं की नाही."

"तू नेहमी पुढे पळायचास."

"तू मागे राहायचास म्हणून. मी माझं नाव कोरलेलं पहिलं पातं वर्षभर विकलं नाही, दादा. फडक्यात बांधून उशाशी ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, अजून झालं नाही. मासिकवाल्यांना हे सांगितलं नाही एवढंच."

यासुताकाने पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. तो काही बोलणार, तेवढ्यात भट्टीघराच्या मागच्या दारातून आवाज आला.

"काय चाललंय, 'तू गेलास तेव्हापासून'?"

देंजी चौकटीला धरून उभे होते.

कोणी पळवाट काढली असती तर निघाली असती. सानाएने रिकामी बाटली पुढेही केली होती. पण रियोसाकु उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, एकही शब्द न वाढवता सांगितलं. यासुताकाने त्याला अडवलं नाही.

देंजींनी ऐकून घेतलं. "खोटं," ते म्हणाले. मग थोरल्याकडे वळून, "खोटं ना?"

यासुताकाने भट्टीघराकडे पाहिलं.

"भट्टी पेटव," देंजी म्हणाले.

* * *

"आज नाही," तोकिए भात्यापुढे आडवी झाली. "तुमच्या बापाने लढाईच्या वर्षांतसुद्धा आज विस्तव केला नाही. उद्या पेटवा."

"उद्यापर्यंत मी झोपू कसा?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशी हा माणूस असाच उभा होता, हनुवटी वर, जणू कोणी त्याला तोलायला आणलंय. तिला त्या हनुवटीची तेव्हा भीती वाटली होती, मग अभिमान वाटला, मग कंटाळा आला, आणि आता नुसती माया. ती बाजूला झाली. भात्यावरची संत्री तिने पदराआड घ्यावी तशी एप्रनमध्ये गोळा केली, साके उचलली, दोर सोडला. मुलांना तिने खूण केली की झडपा लावा.

पाणी देताना लोहाराला अंधार लागतो. भर दुपारी भट्टीघर काळोखलं. तोकुमारु कोपऱ्यात मांडी घालून बसले. त्यांना निघून जायचं होतं, पण देंजींनी त्यांना बसवून घेतलं होतं. मातीचा लेप देऊन वाळवलेली दोन पाती फळीवर होती. देंजींनी एक सांडशीत धरलं आणि स्वतः भाता ओढला.

कोळसा फुलला. पातं काळं होतं ते तांबूस झालं, मग लाल. देंजी डोळे बारीक करून वाकले. तोकिएला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

रियोसाकुला रंग दिसत होता. आता. आता काढायला हवं. त्याने बोट हलवलं नाही. नऊ वर्षं तो याच क्षणाची वाट पाहत होता, आणि तो समोर आल्यावर त्याला तो नकोसा झाला. त्याने भावाकडे पाहिलं.

"बाबा, काढा," यासुताका म्हणाला.

देंजींचा हात हलला नाही.

"काढा. जास्त होतंय."

तो आवाज या घरात यासुताकाचा म्हणून कोणी ऐकला नव्हता. देंजींनी मान वळवली, पुन्हा विस्तवाकडे केली, आणि भाता आणखी दोनदा ओढला. मग पातं पाण्यात घातलं. फुस्स आवाज झाला, वाफ वर आली, आणि पाण्याच्या आत कुठेतरी टिक असा बारीक आवाज झाला. पेल्याला तडा जावा तसा.

कोणालाही काही सांगावं लागलं नाही. देंजींनी पातं बाहेर काढलं, बोटांनी चाचपलं आणि त्यांना चीर सापडली.

मग ते म्हणाले, "तोकुमारु-सानांनी मघाशी वाखाणली ती पाती?"

"माझी," यासुताका म्हणाला.

"सगळी?"

"हो."

"तू मला चोर केलंस."

यासुताका गुडघ्यांवर बसला. त्याला वाटलं होतं की बाबा कोसळतील, रडतील, आपल्याला धरावं लागेल. त्याने त्याचीच भीती घेतली होती.

"दुसऱ्याच्या कामावर मी माझं नाव कोरलं. नऊ वर्षं. लोकांनी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली. मी वाईट पातं विकलं असतं तर लोक म्हणाले असते, देंजी संपला. संपला तर संपला. माणूस संपतोच. पण हे काय केलंस तू?"

"बाबा, त्याने तुमच्यासाठी..." रियोसाकु पुढे झाला.

"तू मध्ये पडू नकोस. तू निदान तोंडावर बोललास." हे म्हटल्यावर देंजी स्वतःच थबकले, जणू नको ते निसटलं. मग बायकोच्या दिशेने म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"होतं," तोकिए म्हणाली.

"माझ्या शेजारी बसून जेवायचीस."

"तुम्ही आनंदात असायचात. मला ते पाहायला बरं वाटायचं. चुकलं असेल."

देंजी भट्टीच्या कडेला बसले. त्यांना आपले वडील आठवत होते. कुमाझोंनी त्यांच्या हातात छिन्नी दिली तेव्हा देंजी बत्तिसाव्या वर्षात होते, आणि तेव्हाही त्यांना वाटलं होतं की म्हाताऱ्याने उशीर केला. त्या दिवसापासून कुमाझो रोज थोडे थोडे लहान होत गेले. भट्टीघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंथरुणावर. देंजींनी ते पाहिलं होतं. यासुताका आता पन्नाशी ओलांडून गेला होता. त्याला छाती नाही, असं ते दरवर्षी लोकांना सांगत, आणि दरवर्षी सांगून झालं की त्यांना हायसं वाटे. असं का वाटतं, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आता विस्तवासमोर बसून केला, आणि मान वर करवेना.

पण छिन्नी सोडू न देणारी मान ताठ होती. दुसऱ्याचा मोठेपणा फुकट घ्यायचा नाही, हेही त्याच ताठ मानेत होतं.

ते उठले, तोकुमारुंसमोर गेले आणि कपाळ जमिनीला लागेल इतकं वाकले. "ती पाती माझ्या थोरल्या मुलाची आहेत. मी ठाऊक नसताना माझी म्हणून विकली. आता ठाऊक झालंय. दरवाज्याचं काम त्याला द्या, किंवा देऊ नका. पण माझं नाव धरून देऊ नका."

तोकुमारुही तितकेच वाकले. "ओयाकाता, दुसरं पातं फळीवर आहे," ते म्हणाले. "विस्तव जळतोय. वाया कशाला घालवायचा?"

देंजींनी सांडशी यासुताकाकडे केली. मग भात्यामागे, जिथे शिकाऊ बसतो त्या जागी, पाय दुमडून बसले. सानाए पुढे झाली. "बाबा, मी ओढते."

"तू पुष्कळ ओढलास," देंजी म्हणाले. "यासु, रंग तू बघ. मला सांगत जा."

यासुताकाने पातं विस्तवात धरलं. "सावकाश," तो म्हणाला, आणि भाता सावकाश चालू लागला. "थोडं जोरात. बस. बस, बाबा." वडील थांबले. रियोसाकुने न सांगता पाण्याचं पिंप पुढे ओढलं आणि पाण्यात हात घालून ऊब पाहिली. यासुताकाने त्याच्याकडे पाहिलं, रियोसाकुने मान हलवली. पातं पाण्यात गेलं. सगळे कान देऊन होते. नुसतं पाणी उकळल्याचा आवाज आला आणि विरला.

पात्याला पुन्हा थोडी ऊब दिली, आणि ते निवलं तेव्हा रियोसाकुने धारेवर कानस फिरवली. ती घसरली, काचेवरून घसरावी तशी; पाणी बरोबर बसलं होतं. त्याने कानस भावाच्या हातात दिली.

झडपा उघडल्या. बाहेर ऊन उतरलं होतं. देंजींनी खणातून छिन्नी काढून यासुताकापुढे ठेवली. पात्याची मागची बाजू मऊ लोखंडाची असते, तिथे नाव बसतं.

"हात्सुशिमो कोरू?" यासुताकाने विचारलं.

"ते आजोबांनी घेतलं, मी वापरलं. तुला हवं तर पुढे घे. पण आधी तुझं कोर."

यासुताकाने छिन्नी टेकवली, उचलली आणि पुन्हा टेकवली.  रियोसाकुने पातं दोन्ही हातांनी ऐरणीवर दाबून धरलं. सानाए दाराशी उभी राहून पाहत होती, आणि डोळे पुसत नव्हती. एकेक ठोका पडत गेला.

झाल्यावर यासुताकाने पातं वडिलांना दिलं. देंजींनी ते उजेडात धरलंच नाही. अंगठा अक्षरांवर टेकवला आणि रेघेरेघेवरून हळूहळू नेला, पोराच्या चेहऱ्यावरून फिरवावा तसा.

"यासु," त्यांनी वाचलं. थोड्या वेळाने म्हणाले, "ताका."

त्यांनी अंगठा शेवटच्या रेघेवर परत नेला.

"शेवटची रेघ खोल गेली," देंजी म्हणाले. "उद्या हलक्या हाताने मार."